पाणमांजर, नीरनाय

कॅम्पातल्या सिमेट्रीत, निलगिरीच्या मागं
एक दगड आडवा पडलाय.
नाव निम्मं शेवाळानं खाल्लं,
उरलंय तेवढं : थ्रेल, तांडेल गलबताचा.
समुद्र इथून घाटाखाली, बैलगाडीनं चार दिवस.
दर्यावर्दी माणूस मरायला इतक्या वर का चढला,
दगड सांगत नाही.
आमच्या घरात सांगतात.

माझ्या पणज्याचा आजा, तवनाप्पा होनकळस,
शहापूरच्या ओढ्याला कुंडं मांडून कातडी कमवायचा.
चुना, हिरडा, तरवडाची साल.
हाताचा वास स्वतःच्या लग्नातही गेला नव्हता म्हणे.

छावणी नवी होती तेव्हा.
पुतण्याच्या बंगल्यावर राहायला आलेला म्हातारा साहेब
एका दुपारी ओढ्यापर्यंत चालत आला,
मागं गोव्याचा बटलर, इनास,
काखेत बोचकं, बोचक्यात एकच कातडं,
कसर लागलेलं.

साहेब बोलायचा, इनास त्याचं मराठी करायचा,
तवनाप्पा निम्मं कानडीत हुंकारायचा.
"म्हणतो, मुंबैहून गलबत नेलं, दोन वरसं,
पृथ्वीच्या पाठीमागच्या किनाऱ्याला.
तिथं पाऊस उघडत नाही, झाडं थेट पाण्यात उतरतात.
एका छिन्नीला एक कातडं.
कधी खिळ्याला. एकदा कोटाच्या बटणाला.
आणि चिनात एकेकाचे साठ साठ रुपेरी डॉलर."

तवनाप्पानं विचारलं, छिन्नी केवढी?
साहेबानं वीत दाखवली.
"आणि त्या लोकांना चिनातला भाव ठाऊक होता?"
हे इनासनं पुढं सांगितलं नाही.
गोव्याचा माणूस, नोकरी करायची होती.

मग तवनाप्पानं लव विंचरली बोटांनी.
फुंकर मारली. कातडं दिसेना.
पुन्हा मारली, गाल फुगवून.
आयुष्यभर म्हशी, बैल, शेरडं उलथली त्यानं,
अशी दाट लव पाहिली नव्हती :
काळी, टोकाला चांदी,
जशी भिजल्या रात्रीवर थोडी पहाट.

पालथं केलं. आतल्या बाजूनं चाचपलं.
खाली, पोटाच्या शेवटाला, बोट थांबलं.
दोन थानं. ओढलेली. भोवतीची लव झिजलेली.

"साहेबाला सांग," तो म्हणाला,
"ही लेकुरवाळी व्हती की."

इनासला शब्द सापडायला वेळ लागला.
साहेबाला तो समजायला त्याहून जास्त.
ओढ्यावर माश्या घोंगावत होत्या.
म्हातारा कुंडाच्या काठावरच बसला, चुन्यात, पाटलोणीसकट.

"रात्रभर," इनास हळू सांगू लागला, "खाडीत काहीतरी रडत होतं.
तान्ह्या पोरासारखं. पाण्यावर तरंगत.
खलाशी म्हणाले, पक्षी असेल.
साहेबानं वहीत तेच लिहिलं : पक्षी.
सकाळी भरती आली, मग ऐकू आलं नाही."

कातडं न्यायला साहेब परत आलाच नाही.
आषाढात वारला, आणि पुतण्याला
असल्या वासाच्या वस्तू नको होत्या.

ते कसरीनं खाऊन खाऊन
आता तळव्याएवढं उरलंय,
जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत,
मोडी एक, कानडी चार, इंग्रजी एक.
दर खटल्याला कागद काढताना
मी फुंकर मारून बघतो.
अजून तळ लागत नाही.

गेल्या माघात खानापूरला, मलप्रभेच्या पुलाखाली
खडकावर तीन डोकी वर आली, ओली, मिशाळ.
माझी मुलगी ओरडली, पाणमांजर!
शेजारचा पोरगा, इराण्णा, म्हणाला, ए, नीरनाय ते!
मांजर. नाय म्हणजे कुत्रं. मांजर. कुत्रं.
मोठी माणसं साठ-सत्तर वर्षं भांडतायत तसंच,
फक्त यांना मजा येत होती.

दोघं माझ्याकडं वळली : तुम्हीच सांगा.

तोवर मोठं डोकं पाण्यात गेलं होतं.
लहान दोन तिथंच राहिली,
आणि एक बारीक शीळ घातल्यासारखं,
थांबून थांबून,
ओरडू लागलं.

मी म्हटलं, गप्प बसा जरा.
ती येईपर्यंत थांबू.